देवाचं पाणी आणि जेडची कुंडी

ज्या झाडाला काहीही करावं लागत नाही असं सगळे सांगतात, ते झाड मी महिनोन्‌महिने खपून जवळजवळ मारलं. एवढी मेहनत नोकरीत केली असती तर निदान एखादी बढती मिळाली असती. झाडाचं नाव आधी घेतलं खरं, पण लिहायचं आहे ते माझ्या वहिनींबद्दल, नर्मदावैनींबद्दल. झाड त्यांच्या मागून येतं.

आपल्या मैसूरच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी संपादक सुधींद्रने मला फोन केला आणि म्हणाला, "काका, आपल्यातल्या एखाद्या साध्या माणसावर लिहून द्या." मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. तो म्हणाला, "ज्यांना येतं त्या सगळ्यांना विचारून झालं." यावर नाही म्हणायला थोडं धैर्य लागतं. ते माझ्याकडे नसल्यामुळे मी हो म्हटलं.

माझं नाव येसाजीराव. आमचे पूर्वज मैसूरच्या फौजेत घोड्यावर होते असं घरात सांगतात. घराण्याची एक गंजलेली तलवार आहे. आयुधपूजेला तिला कुंकू लावतो आणि लगेच कपाटावर ठेवून देतो, कारण ती हातात धरून उभं राहायची मला लाज वाटते. नोकरी नंजनगूडला एका कारखान्याच्या गोदामात केली. गोदामच का, असं कोणी विचारत असे, तेव्हा मी काहीतरी उत्तर देई. खरं कारण म्हणजे सामानाशी बोलावं लागत नाही.

बोलायचं काम वैनी करायच्या. त्या आमच्या घरात नव्या नवरी होऊन आल्या तेव्हा आई नव्हती, आणि मी लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या भाड्याच्या घरात दारामागे उभा होतो. पाहुणे आले की मी दारामागेच असे. वैनींनी दार पुढे ओढलं, मला पाहिलं आणि विचारलं, "तू येसू ना? भूक लागली आहे का?" मी मान हलवली. तेव्हापासून माझं म्हणणं त्या लोकांना सांगत आल्या. रेशनच्या दुकानात, शाळेत, पुढे डॉक्टरकडेसुद्धा. "ह्याचं डावीकडचं पोट दुखतंय," त्या सांगत, आणि ते खरंच डावीकडे दुखत असे.

माझ्यासाठी मुलगी बघायला देवराज मोहल्ल्यात एका मास्तरांच्या घरी गेलो होतो. दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ नरसिंगराव, वैनी आणि मी. मास्तरांनी मला विचारलं, काम कसं चाललंय? मी उप्पिटाकडे बघितलं. वैनी म्हणाल्या, छान चाललंय. नंजनगूडची गाडी वेळेवर असते का? वैनी म्हणाल्या, बहुतेक असते. वाचनाची आवड आहे का? आहे, वैनी म्हणाल्या. शेवटी मास्तरांनी चष्मा काढून वैनींनाच विचारलं, "मुलाला बोलता येतं ना हो?"

"येतं," वैनी म्हणाल्या, "पण आज नाही."

लग्न जमलं नाही. नंतरही जमलं नाही. मी दादा-वैनींच्या घरीच राहिलो. दादा गेले, त्यांचा मुलगा शरत बेंगळुरात स्थायिक झाला, आणि कुवेंपुनगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं म्हातारी उरलो. वैनी चौऱ्याऐंशीच्या, मी त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, म्हणजे त्यांच्या दृष्टीने अजून दारामागचाच.

आता देवाच्या पाण्याची गोष्ट. वैनी सकाळी स्नान करून पूजा करतात. देवांना दुधापाण्याने आंघोळ घातली की तांब्याच्या तांब्यात ते पाणी उरतं. त्यात थोडं दूध, हळद, कुंकू, चार अक्षता, तुळशीचं पान. ते मोरीत ओतायचं नाही. पाय पडेल अशा जागीही टाकायचं नाही. कुठल्यातरी झाडाच्या मुळाशी, घरातल्याच माणसाने घालायचं. हे सांगायला नको, तुम्हा सगळ्यांच्या घरी असंच असणार. आमच्या बाल्कनीत ऊन येत नाही. तिथे तीन तुळशी आल्या आणि गेल्या. म्हणून वैनी रोज तिन्ही जिने उतरून, पुढच्या फाटकाशेजारी जो नारळ आहे त्याच्या बुंध्याशी तांब्या रिकामा करत आणि सावकाश वर येत. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

मागच्या पावसाळ्यात शेवटच्या पायऱ्यांवर त्यांचा पाय घसरला. मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. शरत त्याच दिवशी बेंगळुराहून आला.

"आई, आता साकु, पुरे," तो म्हणाला. "पुन्हा एकदा जरी जिना उतरलीस, तरी मी येऊन सामान बांधणार आणि तुला घेऊन जाणार. आमच्याकडे लिफ्ट आहे."

"लिफ्ट आहे. नारळ आहे का?"

"आई."

"नाही ना? मग मी तिथे लिफ्टने खाली जाऊन काय करू?"

शरत वाईट मुलगा नाही. घाबरला होता. निघताना मला जिन्यात गाठून म्हणाला, "काका, तुम्ही लक्ष ठेवा. उतरली की मला फोन करायचा." मी हो म्हटलं. मी आत आलो तर वैनी म्हणाल्या, "येसू, तू काही त्याला फोनबीन करायचा नाहीस." मी त्यांनाही हो म्हटलं.

वैनींना बेंगळुरू का नको, हे मला माहीत होतं. त्या एकदा तिथे महिनाभर राहून आल्या होत्या. घर मोठं, सून गुणी, जेवण ताटात. "पण तिथे मला कुणाला काही विचारायचं नसतं रे," त्या परत आल्यावर म्हणाल्या होत्या, "आणि मला कोणी काही विचारत नाही. नुसती बसून असते. देवळाबाहेरच्या चपलांसारखी." इथे त्यांचं स्वयंपाकघर आहे, दादांची खुर्ची आहे, आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना ठाऊक असतं. ती सगळी माहिती नारळाजवळच मिळायची. पण ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

शरत गेल्यानंतरच्या सकाळी वैनी प्लास्टरचा हात छातीशी धरून, दुसऱ्या हातात तांब्या घेऊन घरभर फिरल्या. मोरीच्या दाराशी थांबल्या आणि मागे वळल्या. शेवटी हॉलच्या खिडकीपाशी आल्या. तिथे माझं झाड होतं.

ते जेड मला भव्याने दिलं होतं. भव्या ही शरतची मुलगी. ती मला चिक्कज्जा म्हणते, म्हणजे धाकटे आजोबा. माझ्या वाढदिवसाला ती कुंडी घेऊन आली. जाड, चकचकीत, रबरासारखी पानं, हातभर उंचीचं आणि अगदी ताठ.

"चिक्कज्जा, याला काही करायचं नाही," ती म्हणाली. "कमी पाणी, थोडं ऊन, आणि कोपऱ्यात गप्प ठेवायचं. तुमच्यासारखंच आहे."

सगळे हसले. मीही हसलो. पण मला ते झाड मनापासून आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी जिवंत गोष्ट माझ्या जबाबदारीवर आली होती.

वैनींनी त्या सकाळी देवाचं पाणी त्या कुंडीत घातलं. डोळे मिटून नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झालं. आता मला उतरायला नको." त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसत होती की मलाही आपण काहीतरी मोठं काम केलं असं वाटलं. वास्तविक मी फक्त पेपर वाचत बसलो होतो.

काही आठवड्यांनी जेडची खालची पानं पिवळी पडून मऊ झाली. हात लावला की गळायची. मातीतून आंबट दुधाचा वास यायला लागला आणि कुंडीवर चिलटं घोंघावू लागली. मी फोनवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातली बाई सांगत होती की अशी झाडं पानांतच पाणी साठवून ठेवतात. माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका, मुळं कुजतात. मी दुसरा व्हिडिओ पाहिला, तो माणूसही तेच म्हणत होता. मी मुद्दाम वेगळं म्हणणारा कोणी मिळतो का बघितलं. मिळाला नाही.

म्हणजे पेच असा होता. पाणी घातलं तर झाड जाणार. झाड गेलं तर वैनी जिना उतरणार. जिना उतरल्या तर बेंगळुरू. आणि वैनींना हे सांगायचं म्हणजे तुमच्या देवाच्या पाण्याने झाड मरतंय असं म्हणायचं, जे मला जन्मात जमलं नसतं.

तुम्ही म्हणाल, मग येसाजीराव, तुम्ही स्वतः तो तांब्या खाली का नेला नाहीत? तुम्ही घरातलेच आहात, तुमचे पाय शाबूत आहेत. हा प्रश्न अगदी बरोबर आहे. कुठल्याही माणसाला तो पहिल्याच सकाळी सुचला असता. मलाही सुचला होता.

पण त्या नारळाखाली एक सिमेंटचं बाक आहे. सकाळी त्या बाकावर पहिल्या मजल्यावरचे निवृत्त नरसिंहमूर्ती, त्यांचे दोघे-तिघे मित्र आणि तळमजल्यावरच्या वरलक्ष्मीअम्मा बसलेल्या असतात. दुपारी ड्रायव्हर बसतात. संध्याकाळी मुलं खेळतात. बाक रिकामं कधीच नसतं. मी तर येण्याजाण्यासाठी मागचं फाटक वापरतो. ते स्कूटरसाठी आहे आणि माझ्याकडे स्कूटर नाही. त्या मंडळींच्या समोरून तांब्या घेऊन चालत जायचं, सगळ्यांच्या देखत वाकून पाणी घालायचं, आणि कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं? माझे पूर्वज घोड्यावरून शत्रूवर चालून गेले असतील. त्यांच्या वाटेत बाक नसावं.

म्हणून मी वनस्पतिशास्त्राचा मार्ग धरला. वैनी नाश्त्याला आत गेल्या की मी कुंडी हळूच तिरपी करून वरचं पाणी काढून घ्यायचो. पण काढलेलं पाणी ओतायचं कुठे? मोरीत ओतता येत नाही, मी इतकाही नास्तिक नाही. खाली नेता येत नाही. तेव्हा ते एका सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून मी माझ्या खाटेखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. बाटली भरली की दुसरी बाटली. काही दिवसांनी मला पाय खाली सोडून बसता येईना. रात्री कूस बदलली की खालून काचेचा आवाज यायचा आणि मी देवाची क्षमा मागायचो.

तेवढ्यात झाड वाकायला लागलं. खिडकीत एकाच बाजूने उजेड येतो, आणि ते सगळं अंग तिकडे टाकून उभं होतं. बुंधाही खालून मऊ झाला होता. व्हिडिओतली बाई म्हणत होती, कुंडी अधूनमधून फिरवा, सगळीकडून उजेड मिळू द्या. मी फिरवली. ती इतकी फिरवली की कुठली बाजू कुठली हे मलाच कळेना. झाड वाकलेलंच राहिलं. मग मला आधार द्यायची कल्पना सुचली. घरात बारीक काठी सापडली नाही म्हणून दादांची चालायची काठी कुंडीत रोवली आणि जुन्या धोतराच्या किनारीने झाड तिला बांधलं. दवाखान्यातून आलेल्या माणसासारखं ते दिसायला लागलं.

वैनींनी बराच वेळ बघितलं. "येसू, ही कुठल्या दुखण्याची पट्टी?"

"वाकलंय जरा."

"वयात वाकतंच की रे," त्या म्हणाल्या. "स्वल्प उभं राहू दे त्याला." आणि तांब्या वाकवला.

दादांची काठी झाडापेक्षा जड होती, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. गोदामात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने वजनाचं लक्षात घ्यायला हवं होतं. एका दुपारी वैनी दादांच्या खुर्चीत डुलकी घेत असताना कुंडी काठीसकट खिडकीतून आतल्या बाजूला कोसळली. मोठा आवाज झाला. फरशीवर काळी चिकट माती पसरली आणि आंबट वास सगळ्या खोलीत भरला. झाडाचा बुंधा मातीपाशी तुटला होता. मुळं होती तिथे नुसता तपकिरी लगदा होता.

वैनी उठून आल्या. प्लास्टर आता निघालं होतं, पण त्या मनगट धरूनच चालत. वाकून त्यांनी तो लगदा बोटाने चाचपला, वास घेतला. मातीत अक्षता दिसत होत्या, काही फुगून फुटल्या होत्या.

"हे माझ्या पाण्याने झालं," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "काठीने झालं."

"काठीने पडलं. मेलं पाण्याने." मग त्यांनी झाडाचा वरचा भाग उचलून पेपरवर ठेवला, हात धुतले आणि स्वयंपाकघरात गेल्या. रात्रीच्या जेवणात मला सारात मीठ कमी लागलं. मी ते तसंच संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेची घंटा वाजली आणि थांबली. मी पेपर उघडला. थोड्या वेळाने दाराची कडी वाजली, इतकी हळू की काढणाऱ्याला ती कुणाच्या कानावर जायला नको होती, हे स्पष्ट होतं. मी चपलेशिवाय बाहेर आलो. वैनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होत्या. एका हाताने कठडा घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात तिरपा झालेला तांब्या. पाणी पायरीवर सांडत होतं. त्यांनी वर बघितलं.

"शरतला सांगू नकोस, येसू. मी हळू जाईन."

मी फोन करणार नव्हतो. पण त्या पडल्या असत्या तर फोन करायचीही गरज राहिली नसती. तिथून पुढे त्या मजल्यावरच्या पायऱ्या दिसत होत्या, आणि त्यांच्या खाली आणखी दोन मजल्यांच्या. मी म्हणालो, "वैनी, द्या इकडे."

"कशाला?"

"मी घालून येतो."

वैनींनी तांब्या जवळ ओढला. मग अगदी खालच्या आवाजात, जणू बाकावरच्यांना ऐकू जाईल, म्हणाल्या, "बिडू रे, राहू दे. तिथे सगळी माणसं बसलेली असतात."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तांब्या नेऊ शकतो हे त्यांनाही पहिल्या सकाळपासून ठाऊक होतं. त्यांनी मला सांगितलं नाही, कारण मला बाकासमोरून जावं लागलं असतं. मोडक्या मनगटाने त्या घरभर फिरल्या, झाडात पाणी घातलं, आणि आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी जिना उतरायला निघाल्या होत्या, पण दिराला लोकांत पाठवायचं त्यांच्या मनाला पटलं नव्हतं. मास्तरांच्या घरी केलं तेच त्या इथेही करत होत्या.

"असू देत माणसं," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. म्हणून झाल्यावर ते परत घेता येईल का याचा विचार केला. पण वैनींनी तांब्या माझ्या हातात दिला होता.

मी त्यांना आत बसवलं आणि खाली गेलो. पुढचं फाटक समोर आलं तसा माझा वेग कमी झाला. बाकावर पूर्ण मंडळी हजर होती. मी नारळाकडे बघत चाललो, थेट, डोळ्याची पापणी न हलवता, आणि त्यामुळे समोरच्या पाण्याच्या पाइपला अडखळलो. निम्मा तांब्या माझ्या धोतरावर गेला. उरलेला मी घाईघाईने बुंध्याशी ओतला आणि वळलो.

नरसिंहमूर्तींनी कन्नडात विचारलं, "तुम्ही कोण? कुणाकडे आलात?"

मी या इमारतीत सहा वर्षं राहत होतो.

"वर," मी म्हणालो. "तिसरा मजला. नर्मदाबाईंचा दीर."

"ओहो," वरलक्ष्मीअम्मा पुढे सरकल्या. "आम्हाला वाटायचं त्या उगाच सांगतात. 'माझा दीर असं म्हणाला, माझा दीर तसं म्हणाला.' आम्ही म्हणायचो, हा दीर दिसत का नाही कधी? बसा की. तिंडी आयता?"

नाश्ता झाला का, असं त्या विचारत होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आयतु," म्हणजे झाला, आणि निघालो. झाला नव्हता. तीन जिने चढताना मला जाणवलं की संपूर्ण इमारतीत वैनी माझ्या तोंडी वाक्यं घालत आल्या आहेत, आणि लोकांना ती आवडलेली दिसतात. आता मला त्या दिराच्या तोडीचं व्हायचं होतं.

वैनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी धोतराकडे बघितलं. विचारलं ते भलतंच. "काय म्हणाल्या?"

"कोण?"

"वरलक्ष्मी. काय म्हणाली?"

"काही नाही. नाश्ता झाला का विचारलं."

"मग तू विचारलंस का?"

"काय?"

"अय्यो, येसू. तिला नाश्ता झाला का विचारलं नाहीस? तिची सुष्मा बाळंतपणाला आलीये. दूधवाला म्हणत होता, पाय सुजलेत. ते विचारायचं नाही?"

म्हणजे वैनी रोज तिन्ही जिने उतरत होत्या ते फक्त पाण्यासाठी नाही. तांब्या रिकामा व्हायचा आणि त्या भरून यायच्या. पाण्यासाठी मी पर्याय शोधला होता, तोही कुजका. सुष्माच्या पायांसाठी माझ्याकडे काहीच नव्हतं. आणि वैनींनी ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

त्या आठवड्याच्या शेवटी भव्या आली. पेपरवर सुकत पडलेला जेडचा शेंडा तिने उचलून बघितला, तुटलेलं तोंड वाळलंय का ते तपासलं. "रोज पाणी घालत होतात का, चिक्कज्जा?"

"हो," मी म्हणालो. "मीच. जरा जास्तच झालं."

"खोटं बोलतोय तो," वैनी आतून म्हणाल्या. "मी घालत होते. देवाचं. देवाला रोज आंघोळ लागते, मला काय ठाऊक ह्याला लागत नाही."

भव्या हसता हसता खाली बसली, आणि बसल्यावर तिला उघड्या दारातून माझ्या खोलीतल्या खाटेखालच्या बाटल्या दिसल्या. "चिक्कज्जा, हे काय पिता तुम्ही?"

मला खरं सांगावं लागलं. वैनी बाहेर आल्या, वाकून बाटल्या बघितल्या, आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना दादांच्या खुर्चीत बसावं लागलं. "सगळं साठवलंस? एवढ्या बाटल्या? नेऊन घालायचं सोडून?" भव्याला त्यात काय गंमत आहे ते सगळं कळलं नाही. वैनींना कळलं होतं. दुसऱ्या सकाळी मी त्या बाटल्या दोन पिशव्यांत भरून खाली नेल्या. पिशव्या खणखणत होत्या. नरसिंहमूर्तींनी पिशव्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अतिशय सहानुभूतीने म्हणाले, "हळूहळू कमी करा." मी एक एक बाटली नारळाला घालत गेलो तसे ते अधिकच गोंधळले. शेवटी मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. बसून सांगितली. उभं राहून ती फार लांब झाली असती.

शेंड्याचं झाड झालं आहे. भव्याने खाली भोकं असलेली मातीची कुंडी आणली, तळाला खडे, वर वाळू जास्त आणि माती कमी. तुटलेली जागा चांगली वाळवूनच तिने शेंडा लावला, आणि मूळ धरेपर्यंत त्याला पाण्याचा थेंब दाखवू नका म्हणून बजावलं. आधाराला एक लहान बांबूची काडी, तीही फक्त मूळ धरेपर्यंत. दादांची काठी परत कपाटाशेजारी गेली. आता माती अगदी कोरडी झाली की मी वाटीभर पाणी घालतो, साधं, नळाचं. आणि शुक्रवारी दिव्यांच्या वाती बदलताना वैनी कुंडी थोडी फिरवतात, दरवेळी एकाच दिशेने, म्हणजे कोणी कुठे वाकलं ते त्यांना कळतं. मी फिरवायला गेलो तर हात बाजूला करतात. झाड ताठ आहे. माझ्यापेक्षा तरी जास्त.

शरतचा फोन दर रविवारी येतो. "आई जिना उतरत नाही ना?"

"नाही," वैनी सांगतात. "काका उतरतात."

बेंगळुरूचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही.

मी रोज सकाळी तांब्या घेऊन पुढच्या फाटकाने जातो. बाकाच्या टोकाला मला जागा ठेवतात. मी बहुतेक वेळा उभाच राहतो, पण जागा ठेवतात हे मी वैनींना सांगितलं आहे. वर आलो की त्या हातातलं काम ठेवून विचारतात, "काय म्हणाले?" आणि मला सांगावं लागतं. सुरुवातीला मी पाठ करून यायचो आणि दुसऱ्या मजल्यावर निम्मं विसरायचो.

आज सकाळी बातमी मोठी होती. वरलक्ष्मीअम्मांच्या सुष्माला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मी धापा टाकत वर आलो आणि सांगितलं. वैनींनी देवाला हात जोडले.

"वजन किती?"

मी विचारलं नव्हतं.

"रंग कुणावर गेलाय? बारसं इथे की सासरी?"

तेही विचारलं नव्हतं.

वैनींनी रिकामा तांब्या माझ्या हातात परत दिला, उगाच हात मोकळे दिसायला नकोत म्हणून, आणि म्हणाल्या, "जा. विचारून ये."